"साडेसहाची द्या, साडेसहाची": सिझेरियनच्या भुलेत मला जाग होती का?

मसुंदा
शनिवार, रात्री ११.१०

हा धागा काढू की नको यात आठ महिने गेले. आज लेक आजीकडे कळव्याला आहे, घर शांत आहे, तर एका दमात लिहून टाकते. चुका पदरात घ्या.

गेल्या जुलैतली गोष्ट. एकोणचाळिसावा आठवडा. रात्री दीडला पाणी गेलं, बाहेर धो धो पाऊस, रिक्षा मिळेना, शेवटी शेजारच्या काकांनी गाडी काढली. ठाण्यातलंच एक लहान हॉस्पिटल. नाव लिहिणार नाही, खासगी निरोपातही विचारू नका. तासाभरात बाळाचे ठोके पडायला लागले. मशीनची ती टकटक मंद होत जाते, ज्यांनी ऐकलीय त्यांना वेगळं सांगायला नको. मॅडम म्हणाल्या, आता थांबायचं नाही. भूलवाले डॉक्टर आले ते पावसाने निथळत. कमरेत द्यायला वेळ नाही, पूर्ण भूल देतो म्हणाले. नवऱ्याने तीन कागदांवर सह्या केल्या. कशावर केल्या ते त्याला आजही सांगता येत नाही.

तोंडावर मास्क. "मोठे श्वास घ्या ताई." हातातल्या सुईतून काहीतरी दंडापर्यंत चढत गेलं, गळ्यावर कुणीतरी दोन बोटं दाबून धरली. मग काही नाही.

मग आवाज. मला वाटलं, झालं सगळं, वॉर्डात आणलं. एक पुरुषी आवाज घाईघाईने म्हणत होता, "साडेसहाची द्या, साडेसहाची." माझ्या डोक्यात आलं, उजाडलं वाटतं, कुणाला तरी साडेसहाची लोकल पकडायची आहे. डोळे उघडायला गेले तर उघडेनात. घशात लोखंडासारखं काहीतरी घुसत होतं. ओरडायचं होतं, पण ओरडायला श्वास आपला लागतो, आणि श्वासही माझा नव्हता. कुणीतरी बाहेरून छाती फुगवत होतं. थोड्या वेळाने पोटावर आडवी रेघ ओढल्यासारखं जळजळलं आणि मग गच्च बसलेला ड्रॉवर दोन्ही हातांनी हिसकावा तशी ओढाओढ. दुखलं का? दुखलं. पण मला आठवतं ते वेगळंच. मी उजव्या हाताच्या करंगळीला विनवत होते. बाई गं, एकदा हल. एवढंच. नाही हलली.

मग रडणं ऐकू आलं आणि एका बाईचा आवाज, "तीन बावीस. मुलगी." त्यानंतर परत काळोख.

सकाळी सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, भुलेत पडतात अशी स्वप्नं. सासूबाई म्हणाल्या, बाळ सुखरूप आहे ना, मग ते उगाळू नकोस. नवरा बिचारा हसवायला म्हणून म्हणाला, तुला लेबररूममध्येही लोकलच आठवली. सगळे हसले, मीही हसले.

आता उताणी झोपू शकत नाही. लिफ्टचं दार लागलं की तळव्यांना घाम येतो. पांघरूण तोंडावर आलं तर किंचाळून उठते. मला एवढंच विचारायचंय: हे खरंच होतं का कुणाला? की माझं डोकं फिरलंय? आणि खरं असेल तर टाळता येत नाही का?

पामबीच
शनिवार, रात्री ११.५२

मनापासून सहानुभूती आहे, पण भूल म्हणजे भूल हो. अर्धवट असती तर तुम्ही टेबलावरून उठून पळाला असतात. आमच्या हिच्या सिझरच्या वेळीही तिला सगळं ऐकू येत होतं, डॉक्टर क्रिकेटच्या गप्पा मारत होते, तिला काही त्रास झाला नाही. मनाचे खेळ असतात. मेडिटेशन करून पाहा.

खारघरची_सुगरण
रविवार, सकाळी ७.३०

पामबीच दादा, वहिनींना कमरेत दिलं असणार. त्यात बाई जागीच असते, ऐकू येणारच. धागा नीट वाचून प्रतिसाद द्यायची पद्धत बंद झाली का?

मसुंदा, तुझं डोकं ठिकाणावर आहे. मला अनुभव नाही, पण करंगळीचं वाचून हातातला चहा तसाच राहिला.

भूलथापा
रविवार, दुपारी १.१५

मी भूलतज्ज्ञ आहे. ठाणे, मुलुंड, भांडुप, कधी ऐरोली, स्कूटरच्या डिकीत लॅरिंगोस्कोप (घशात बघून नळी घालायचं हत्यार) घेऊन कॉलवर फिरणाऱ्यांपैकी. आयडी विनोदाने घेतला होता, आज जरा अवघड वाटतोय.

मसुंदाताई, तुम्हाला लोकलचं स्वप्न पडलं नव्हतं. "साडेसहाची" म्हणजे साडेसहा नंबरची ट्यूब. श्वासनलिकेत घालायच्या नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. बायकांना एरवी सात किंवा साडेसात नंबर जातो. गरोदरपणात घशाला आतून सूज असते, सातची अडली की आम्ही हात मागे करून म्हणतो, साडेसहाची द्या. हे तुम्ही वाचलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि तरी ते नेमक्या जागी तुम्हाला आठवतंय. तुम्ही जाग्या होतात.

हे कसं होतं ते सांगतो. लोकांना वाटतं भूल म्हणजे एक इंजेक्शन. तशी नसते. झोप आणणारं औषध वेगळं (पेंटोथाल किंवा प्रोपोफॉल) आणि स्नायू सैल करणारं वेगळं (घाईच्या सिझरला बहुतेक स्कोलीन). दुसऱ्याने माणूस झोपत नाही, फक्त हलू शकत नाही. म्हणून, पामबीच, टेबलावरून पळता येत नाही. १९४२ साली कॅनडात माँट्रियलला हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी भुलेत क्युरारे हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं, तेव्हापासून आमच्या धंद्यात हा प्रश्न आहे. त्याआधी भूल कमी पडली तर पेशंट हलायचा आणि आम्हाला कळायचं. आता तो हलत नाही.

झोपेचं इंजेक्शन मेंदूत झटकन पोचतं, पण काही मिनिटांत तिथून उतरून बाकी शरीरात पसरतं. तोवर मशीनमधला गॅस फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पुरेसा चढायला हवा. एकाचा अंमल उतरतोय आणि दुसऱ्याचा अजून चढला नाही, या मधल्या जागेत पेशंट सापडतो. आणि नळी घालताना गॅस बंदच असतो, कारण द्यायचा कुठून? एका प्रयत्नात नळी गेली तर ही फट अर्ध्या-पाऊण मिनिटाची. दोन-तीन प्रयत्न लागले तर झोपेचं इंजेक्शन परत द्यायला हवं, आणि नेमकं तेव्हा सगळ्यांचं डोकं नळीत अडकलेलं असतं.

सिझरमध्येच हे जास्त का, ते रात्री लिहितो. ओपीडी आहे.

ऐरोली_स्लो
रविवार, दुपारी २.०५

सरळ केस ठोका. १९९५ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. आणि मुदत दोन वर्षांची असते, तुमचे आठ महिने गेलेत. उद्याच वकील गाठा.

खारघरची_सुगरण
रविवार, दुपारी २.२०

तिने विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय! धाग्याचा काश्मीर करू नका.

ऐरोली_स्लो
रविवार, दुपारी २.४१

बरं. निदान कागद तरी मागून घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. डिस्चार्ज कार्ड नव्हे, भुलेचा वेगळा कागद असतो, तो मागा. केस करायची की नाही ते नंतर.

भूलथापा
रविवार, रात्री १०.३०

ऐरोलीकरांशी कागदाच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. तो आल्यावर अंदाज करायची गरज उरणार नाही.

आता सिझर. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून याच विषयावर एक प्रचंड पाहणी केली, २०१४ साली प्रसिद्ध झाली, आमच्यात तिला नॅप-५ म्हणतात. सगळी ऑपरेशनं धरून पूर्ण भुलेत जाग आल्याची तक्रार साधारण १९,००० मागे एक. पूर्ण भुलेतल्या सिझेरियनला ६७० मागे एक.

आणि हे आपणहून तक्रार केलेल्यांचे आकडे. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या ७२ हॉस्पिटलांचा एक अभ्यास आला. त्यात पूर्ण भूल दिलेल्या ३,११५ बाळंतिणींना महिन्याभरात तीनदा मुद्दाम विचारलं. सिझेरियनमध्ये प्रमाण निघालं २१२ मागे एक. म्हणजे विचारलं की आकडा तिप्पट होतो. बाकीच्या गप्प बसतात, किंवा मसुंदाताईंसारख्या सगळ्यांबरोबर हसतात.

कारणं एकावर एक रचलेली असतात. इतर ऑपरेशनांत भुलेआधी दुखणं मारणारी, गुंगी आणणारी औषधं दिलेली असतात. इथे बाळ बाहेर येईपर्यंत आम्ही ती बहुधा राखून ठेवतो, बाळ सुस्त निघू नये म्हणून. गॅसने गर्भाशय सैल पडतं आणि रक्तस्राव वाढतो, त्या धाकाने गॅसही हात आखडता ठेवून. भुलेपासून चिरेपर्यंत इतर ऑपरेशनांत पंधरा-वीस मिनिटं जातात, धुणं, पुसणं, कापड टाकणं. इथे पोट आधीच धुऊन, कापड टाकून, सर्जन सुरी घेऊन उभा. नळी गेली म्हटलं की चीर. त्यात मध्यरात्र. त्यात गरोदर बाईचा घसा. माझ्या मते या सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे आमच्या मनातलं एक जुनं वाक्य, "बाळ निघेपर्यंत हलकीच ठेव." मीही शिकताना हेच ऐकलं. ते अर्धंच खरं आहे. गॅस ठराविक पातळीच्या वर, म्हणजे आमच्या भाषेत ०.७ मॅकच्या (मॅक म्हणजे गॅसचा जोर मोजायचं माप) वर ठेवला तरी गर्भाशय आकसायच्या इंजेक्शनला दाद देतं. बाळ थोडं झोपाळू आलं तर बालरोगतज्ज्ञ शेजारी उभे असतातच, ते दोन मिनिटांत त्याला रडवतात.

जुनी_सिस्टर
सोमवार, पहाटे ५.४८

तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात, ओटीत काढली, शेवटची बारा वाशीला. आता गुडघे गेले म्हणून घरी.

डॉक्टर लिहितात ते बरोबर आहे. मी एक सांगते. पेशंटचे डोळे चिकटपट्टीने मिटवलेले असतात. कधी कधी पट्टीखालून पाणी ओघळायचं. आम्ही म्हणायचो, "सर, भूल हलकी आहे हं." काही सर लगेच मशीनकडे बघायचे, काही म्हणायचे, सिस्टर, तुम्ही ट्रॉली बघा. मी गॉजने पुसून घ्यायचे. आज हा धागा वाचून रात्रभर ते डोळे आठवले.

दुसरं, पेंटोथाल आणि अँटिबायोटिक दोन्ही भुकटी, दोन्ही पाण्यात कालवून वीसच्या सिरिंजमध्ये भरतात. रात्री तीनला दिसायला भाऊ-भाऊच. एकदा माझ्यासमोर अदलाबदल होता होता वाचली. तेव्हापासून मी भरली की लगेच नावाची चिकटपट्टी लावल्याशिवाय खाली ठेवायचे नाही. मला सगळ्या "पट्टीवाली" म्हणायच्या, म्हणू देत.

मसुंदा बाळा, तुझ्या सिस्टरने स्वप्न म्हणायला नको होतं. तिला शिकवलंच नसेल कुणी. पण नको होतं.

भूलथापा
सोमवार, सकाळी ९.०५

सिस्टर, नमस्कार. तुम्ही म्हणता तो अदलाबदलीचा प्रकार नॅप-५ मध्येही नोंदलेला आहे, अगदी हाच, अँटिबायोटिक आणि पेंटोथाल. डोळ्यांतल्या पाण्याचंही खरं, पण घाम, पाणी, नाडी, बीपी यांवर विसंबता येत नाही. सिझरच्या बाईची नाडी आधीच १३० असते.

कासारवडवलीकर
सोमवार, दुपारी १२.३०

आता मी काय करू? चौतिसावा आठवडा आहे, वार खाली आहे. मॅडमनी सांगितलंय की सिझरच होणार, आणि रक्तस्राव झाला तर पूर्ण भूल द्यावी लागेल. काल रात्री हा धागा वाचला आणि झोपलेच नाही. नवरा म्हणतो इंटरनेट बंद कर.

मसुंदा
सोमवार, दुपारी १२.५५

अगं सॉरी! तुला घाबरवायला नव्हता गं काढला.

भूलथापा
सोमवार, दुपारी ३.४०

कासारवडवलीकर ताई, आधी हे वाचा. २१२ मागे एक म्हणजे २११ जणींना काहीच आठवत नाही. आणि जिला आठवतं तिलाही बहुतेक वेळा तुटक काहीतरी, आवाज, स्पर्श. मसुंदाताईंसारखं वेदनेसकट फार थोड्यांना. शिवाय वार खाली असली तरी ठरवून केलेल्या सिझरला पुष्कळदा कमरेतच देता येतं. पूर्ण भूल लागते ती जोराचा रक्तस्राव, प्लेटलेट फार कमी, रक्त न गोठणं, नाळ आधी बाहेर येणं, किंवा कमरेतलं लागलंच नाही, अशा वेळी. आणि तेव्हा ती जीव वाचवते. भीतीपोटी तिला नकार देऊ नका.

तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे: भूलतज्ज्ञाला आधी भेटा. आमच्याकडे छोट्या हॉस्पिटलांत पेशंट आणि भूलवाला यांची पहिली भेट टेबलावरच होते, दोघांचेही चेहरे मास्कमध्ये. मॅडमना आग्रहाने सांगा की पस्तिसाव्या आठवड्यात भेट घालून द्या. ते तोंड उघडायला लावतील, मान मागे करायला लावतील, नळी अवघड जाईल का ते तेव्हाच कळतं. घरात कुणाला भुलेचा त्रास झाला असेल, तुम्हाला स्वतःला पूर्वी कधी भुलेत जाग आली असेल, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. आणि हल्लीचं वजन सांगा.

तुम्ही विचारू शकता की, "पूर्ण भूल द्यावी लागली तर मला जाग येऊ नये म्हणून तुम्ही काय करता?" चांगला भूलवाला चिडणार नाही. चिडला तर मला त्याच्याविषयी काही कळलं असं मी समजेन.

पामबीच
सोमवार, संध्याकाळी ६.२०

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. बायकोने वाचला, घरात माझीच भूल उतरवली.

एक खरा प्रश्न. मी आयटीवाला आहे. मेंदूच्या लहरी मोजणारं यंत्र असतं ना? कपाळावर पट्टी लावतात. मग ते सगळ्यांना सक्तीचं का नाही? विषय संपला.

भूलथापा
सोमवार, रात्री ११.१५

बीआयएस म्हणतात त्याला. शून्य ते शंभर आकडा दाखवतं, भुलेत ४० ते ६० मध्ये ठेवायचा. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात जोखमीच्या सुमारे अडीच हजार पेशंटांत, हे यंत्र लावलेल्यांपैकी दोघांना जाग आली, न लावलेल्यांपैकी अकरांना. तेव्हा आम्हालाही वाटलं, विषय संपला. मग २००८ आणि २०११ मध्ये अमेरिकेतून दोन अभ्यास आले. त्यांत दुसऱ्या गटाला साधा उपाय दिला होता: श्वासातून बाहेर पडणारा गॅस ०.७ मॅकच्या खाली गेला की मशीनने बोंब मारायची. बीआयएस त्या साध्या अलार्मपेक्षा सरस ठरलं नाही.

माझं मत विचाराल तर, भूल पूर्णपणे शिरेतून देत असाल तर बीआयएस हवंच, कारण तिथे गॅस मोजायला नसतो. असेल तर सिझरलाही लावा. पण रात्री तीनच्या घाईत ते पट्टी चिकटवून आकडा स्थिर होईपर्यंत बाळ बाहेर आलेलं असतं. आणि पट्टी एकदाच वापरायची, महाग, लहान हॉस्पिटलात कपाटात कुलपात. त्यापेक्षा गॅस मोजणारा मॉनिटर आणि त्याचा चालू ठेवलेला अलार्म मला जास्त हवा. अलार्म "कटकट करतो" म्हणून बंद करणारे मी पाहिलेत.

अवांतर, पण मसुंदाताईंच्या करंगळीमुळे आठवलं. १९७७ मध्ये टन्स्टॉल नावाच्या डॉक्टरने सिझरसाठीच एक युक्ती काढली. सैल करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीचा पट्टा करकचून फुगवायचा. औषध त्या हातात पोचत नाही. मग भुलेत पेशंटला सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. बाकी सगळं शरीर गप्प असताना तो एक हात बोलू शकतो. रोजच्या कामात कुणी वापरत नाही, संशोधनात वापरतात.

मसुंदा
मंगळवार, पहाटे ३.२२

एक हात. एवढंच हवं होतं हो.

खारघरची_सुगरण
मंगळवार, सकाळी ८.००

मसुंदा, वेळ बघितली तुझ्या प्रतिसादाची. रोज याच वेळी जाग येते का गं? तसं असेल तर कुणाशी तरी बोल. १४४१६, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझी बहीण दुसऱ्या कारणासाठी बोलायची, फरक पडला. नंतर त्यांनीच समोरासमोर भेटायला डॉक्टर सुचवला.

भूलथापा
मंगळवार, सकाळी ८.४०

नक्की बोला. उशीर झालेला नाही.

आणि एक माझ्याकडून. १९७० पासून आमच्याकडे एक साधी प्रश्नावली आहे. झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? उठल्यावरचं पहिलं काय? मधलं काही आठवतं का? स्वप्न पडलं का? सगळ्यात वाईट काय वाटलं? पाच प्रश्न, दोन मिनिटं. परीक्षेत मी हे फाडफाड सांगितलं होतं. प्रत्यक्षात सिझर संपलं की माझा पुढचा कॉल मुलुंडला असतो आणि तीन हात नाक्यावर ट्रॅफिक. दुसऱ्या दिवशी मी बाळंतिणीला भेटायला जात नाही, फोनही करत नाही. इतक्या वर्षांत माझ्या एकाही सिझरच्या पेशंटला जाग आली नाही असं मी कालपर्यंत छातीठोक सांगत होतो. कालपासून सांगत नाही.

मसुंदा
बारा दिवसांनंतर, रविवार, रात्री ९.३०

कागद मिळाला. पहिल्यांदा रेकॉर्डवाले म्हणाले, फाइल गोडाऊनला आहे. ऐरोली_स्लो यांनी सांगितलेलं ७२ तासांचं लेखी लिहून दिलं तर तिसऱ्या दिवशी सापडली. धन्यवाद.

मग हिय्या करून त्या भूलवाल्या डॉक्टरांचीच वेळ मागितली. नवरा आला होता, पण मी त्याला बाहेर बसवलं. मी "साडेसहाची" एवढंच म्हणाले आणि ते खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुम्हाला ते ऐकू आलं?"

आम्ही दोघांनी मिळून तो कागद वाचला. ३.१२ पेंटोथाल २५०, स्कोलीन १००. ३.१४ सात नंबर, गेली नाही. ३.१६ साडेसहा, गेली. ३.१७ अ‍ॅट्राक्युरियम २५ (तेही सैल करणारं), आयसो ०.६ (म्हणजे गॅस). ३.१८ चीर. ३.२२ मुलगी. म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं, मिनिटासकट.

त्यांनी स्वतःच बोट ठेवलं. "हे बघा, सैल करण्याचं मी दुसऱ्यांदा दिलं. झोपेचं दुसऱ्यांदा दिलं नाही. द्यायला हवं होतं." मी विचारलं, २५०च का? त्यांनी फाइलचं पहिलं पान उलटलं. वजन ६२ किलो. ते माझं तिसऱ्या महिन्यातलं वजन! त्या रात्री मी ७८ होते. घाईत त्यांनी फाइलवरचा आकडा घेतला, किलोला चार मिलिग्रॅम धरून २५० केलं. खऱ्या वजनाला ते निदान तीनशे बारा हवं होतं.

ते सॉरी म्हणाले. मला वाटलं होतं मी रडेन किंवा भांडेन. मी म्हणाले, पाणी मिळेल का. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की या पेशंटला पूर्ण भुलेत जाग आली होती, नळी अवघड गेली होती, पुढच्या वेळी भूलतज्ज्ञाने आधी वाचावं. तो कागद लेकीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवलाय, ती फाइल आमच्या घरात कधी हरवत नाही.

नवऱ्याला बाहेर येऊन सगळं सांगितलं. तो तलावपाळीपर्यंत गप्प चालला. मग म्हणाला, "आणि मी लोकलवरून हसलो."

१४४१६ला दोनदा बोलले. उताणी अजून झोपत नाही. लिफ्टने जाते.

भूलथापा
रविवार, रात्री १०.१०

त्या डॉक्टरांना माझा नमस्कार. असं बोट स्वतःवर ठेवायला काय लागतं ते मला माहीत आहे.

फाइलवरचं वजन. मीही तेच वाचतो.

ऐरोली_स्लो
रविवार, रात्री १०.२५

केसचं काय ठरलं?

मसुंदा
रविवार, रात्री १०.३१

ठरलं नाही. ठरलं की सांगेन.

कासारवडवलीकर
तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, दुपारी ४.००

मुलगा झाला! परवा सकाळी. पस्तिसाव्या आठवड्यात भूलवाल्या मॅडमना भेटले होते, तोंड उघडून दाखवलं, मान वाकवून दाखवली, तुमचा प्रश्नही विचारला. चिडल्या नाहीत, उलट वीस मिनिटं बोलल्या. शेवटी कमरेतच दिलं. चीर द्यायच्या आधी बर्फासारखं गार काहीतरी पोटावर लावून दोनदा विचारलं, गार लागतंय का, आणि म्हणाल्या, दुखलं तर सोसायचं नाही, बोलायचं.

ऐका पुढचं. ओटीत नेताना सिस्टर फाइल वाचत होती, "वजन एकसष्ट." मी स्ट्रेचरवरून उठून बसले आणि म्हणाले, "शहात्तर! सकाळीच केलंय, वॉर्डातल्या काट्यावर, चप्पल काढून." सिस्टर म्हणाली, एवढं ओरडताय काय. भूलवाल्या मॅडम मास्कमधून हसल्या आणि त्यांनी खोडून शहात्तर लिहिलं.